झाडावरची बाळंतीण

मे महिन्यात वायरमनची दोन कामं ठरलेली: रात्री फ्यूज टाकायचे आणि दिवसा झाडं छाटायची. पावसाळ्यात ओली फांदी 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) तारेला घासली की करंट जमिनीत उतरतो, म्हणजे अर्थ फॉल्ट होतो, अख्खं फीडर, म्हणजे त्या भागाची सगळी लाईन, ट्रिप होतं आणि शिव्या आम्ही खातो. त्यामुळे 22 वर्षं मी झाडाकडे एकाच नजरेनं पाहत आलो: तारेपासून किती लांब? पक्ष्यांशीही माझं फारसं बरं नाही. कावळे बांधकामावरची बायंडिंग तार उचलून खांबावर घरटं करतात आणि ते काढायला मलाच चढावं लागतं.

त्या दिवशी सकाळी सातला सबस्टेशनमधून लाईन बंद ठेवून काम करायचं परमिट घेतलं, लाईनला उरलासुरला करंट जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड अडकवला आणि जळगावच्या कडेला एका कॉलनीत पोचलो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल. पूर्वी इथे नवीन मीटर जोडायला यायचो तेव्हा ओपन स्पेसमध्ये बोरी, बाभळी, एक हिवर होता, कडेनं नाला वाहायचा. आता नाल्यावर स्लॅब, जागेवर पेव्हर ब्लॉक आणि लोखंडी कमान. उरला तो एक जुना निंब. ब्लॉक त्याच्या बुंध्याला चिकटवून बसवलेले, पाणी मुरायला बोटभर फट नाही.

चार-पाच मंडळी आधीच उभी होती. "भाऊ, लाईन बंदच आहे तर बुडापासूनच घ्या ना. पाल्याचा कचरा फार होतो. शेड पण टाकायचंय."

हे मला नवीन नाही. शहरात झाड तोडायला परवानगी लागते. 1975 चा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीत तर 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज धरलंय. आमचं काम फांद्यांपुरतं. पण आमच्या बंदच्या आडोशानं कितीतरी झाडं गेली. खोटं कशाला बोलू, एक-दोनदा मीही चहा पिऊन गप्प बसलोय.

शिडी लावून चढलो. खालच्या आडव्या फांदीवर दोराचे दोन खोल वळ होते. आखाजीच्या झोक्यांचे. माहेरी आलेल्या किती लेकींनी ते पाडले असतील! मी बेल्ट आवळत होतो, तेवढ्यात खालून आवाज आला.

"भाऊ, तठे हात नको लावू. आत बायतीन शे."

सत्तरीची एक माय उभी होती. कॉलनी व्हायच्या आधी हे त्यांचंच शेत होतं. मला वाटलं, झाडात बाळंतीण म्हणजे म्हातारीचं काहीतरी देवाधर्माचं असेल. पण ती बोट दाखवत होती तिथे एक ढोली होती, शेणानं लिंपल्यासारखी बंद केलेली. मधोमध उभी चीर. मी तोंड जवळ नेलं तर चिरेतून चोचीचं टोक बाहेर आलं आणि चटकन आत गेलं. दचकून माझ्या हातातला कोयताच सुटला. हेल्पर थोडक्यात वाचला.

राखी धनेशाची मादी होती ती. अंडी घालायला ढोलीत शिरते, विष्ठेनं आणि मातीनं तोंड लिंपून घेते. आत तिची उडायची पिसं गळतात, त्यामुळे झाड पाडलं तर तिला उडता येत नाही. नर चिरेतून चारा देतो, तेवढ्यावर ती आणि पुढे पिल्लं. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुनी फांदी मोडते, तिथे लाकूड कुजतं, आणि कैक वर्षांनी तिला खोली मिळते. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसत होतं, की समोरच्या खांबावर, माझ्याच तारेशेजारी, करड्या रंगाचा तो नर चोचीत पिकलेलं उंबर धरून माझी जायची वाट बघतोय.

मी तारेच्या बाजूच्या सात फांद्या घेतल्या आणि उतरलो.

"बुडापासून सांगितलं होतं," एक जण म्हणाला.

"तार मोकळी झाली. माझं काम संपलं. बाकीचं महापालिकेत अर्ज करून करा."

"आम्ही बदल्यात पामची दहा रोपं लावणार होतो." यावर माय जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

त्या दिवशी मंडळींनी माझी तक्रार केली. साहेबांनी विचारलं, मी परमिटवर लिहिलेलं काम दाखवलं, विषय तिथेच मिटला.

मग ड्यूटी संपली की गाडी आपोआप तिकडे वळायला लागली. आठवीतली लेक वहीत वेळा टिपायची: नर 5.10 ला आला, 5.32 ला आला, एकदा सरडा आणला. मायच्या ओट्यावर आम्ही बसायचो, चहा व्हायचा. कॉलनीतली पोरंही मोबाईल खिशात टाकून येऊ लागली. 44-45 अंशांत तेवढ्या निंबाखालीच बसवत होतं. खांबावरच्या कोतवालाला मी रोज पाहायचो, पण त्याची शेपटी दुभंगलेली असते हे लेकीनं दाखवलं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर पोचलो तर ढोलीखाली लेपाचा वाळका चुरा पडलेला आणि बुंध्याजवळचे चार ब्लॉक उपटलेले. कोणी उपटले, ते मी विचारलं नाही. मायच्या ओट्याला पहार टेकवलेली होती, टोकाला ओली माती.