पोटदुखी म्हणून सांगितलेले दुखणे

आज पहाटे इंदिरानगरहून बहिणीचा फोन आला. १३ वर्षांच्या भाच्याच्या पोटात एकाएकी कळा येत होत्या आणि दोनदा उलटीही झाली होती. पित्त समजून आम्ही ओव्याचे पाणी द्यायच्या बेतात होतो, परंतु दाजींनी त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा खरे दुखणे अंडकोषात असल्याचे त्याने लाजत सांगितले.

सर्जननी समजावले, की वृषण ज्या रज्जूला टांगलेले असते तिलाच पीळ पडला, तर आधी शिरांतून परतणारे रक्त तुंबते, सूज वाढते आणि अखेर धमनीतून येणारे रक्तही थांबते. साधारण ६ तासांत पीळ सुटला तर वृषण बहुधा वाचते, २४ तासांनंतर मात्र क्वचितच. डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला नाही, म्हणून लगेच शस्त्रक्रिया झाली. पीळ सोडवल्यावर काळसर पडलेल्या वृषणाचा रंग परतला. पुन्हा पीळ पडू नये म्हणून दोन्ही वृषणे टाके घालून जागेवर बसवली.

मुलींशी पाळीबद्दल आपण आता बोलू लागलो आहोत, पण मुलग्यांसाठी घरात या अवयवाचा साधा शब्दही उच्चारला जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्या संकोचात त्याचे दोन तास गेले होते.