एडिसनचं घर आणि मृत्युपत्रातली एक ओळ

मी वकील आहे, शिवाजीनगर कोर्टाजवळ ऑफिस. मृत्युपत्रांची कामं बरीच येतात पण परवाची केस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

कोथरूडचे काका-काकू. काकांनी बरीच वर्षं न्यू जर्सीत नोकरी केली, मग ग्रीन कार्ड परत करून कायमचे पुण्यात आले. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं घर अजून एकट्या काकांच्या नावावर, त्यात मुलगी राहते, मुलगा इथे. दुपारी रजिस्ट्रारकडे मृत्युपत्र नोंदवायचं ठरलेलं, साक्षीदार, डॉक्टरचं सर्टिफिकेट सगळं तयार. मसुदा कुठूनतरी फॉरमॅट आणून घरीच टाईप केलेला, "नुसती नजर टाका" म्हणाले.

पहिल्याच पानावर, "यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत." बहुतेक फॉरमॅटमध्ये असतेच ही ओळ. मी विचारलं, काका, तिकडे विल केलं होतं का कधी? तर हो, तिथल्या अॅटर्नीकडून, घर मुलीला दिलंय, ओरिजिनल तिच्याकडेच आहे. आणि या मसुद्यात शेवटी लिहिलेलं, उरलेली सर्व स्थावर-जंगम मिळकत मुलाला. माझ्या अंगावर काटाच आला. काकूंना लगेच कळलं, म्हणाल्या, "अहो, म्हणजे तिचं घर गेलं की!" काका चिडले, माझ्या मनात असलं काही नाही म्हणे. नसेलच हो, पण वाद झाला तर कोर्टापुढे कागद असणार, काका नसणार, आणि सख्खी भावंडं दोन देशांत भांडत बसणार.

घर-जमीन ज्या देशात तिथलाच वारसा कायदा लागतो. कोथरूडच्या फ्लॅटला आपला, एडिसनच्या घराला न्यू जर्सीचा, आणि तिथे विल काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सरोगेट ऑफिसात, म्हणजे मृत्युपत्रांचं काम बघणाऱ्या कार्यालयात, दाखल करावं लागतं. म्हणून दोन वेगळी मृत्युपत्रं ठेवायची, इथल्यात स्वच्छ लिहायचं की हे फक्त भारतातल्या मिळकतीपुरतं आहे आणि अमेरिकेतलं विल याने रद्द होत नाही. नवीन मसुद्यात उरलेली मिळकत हे शब्दसुद्धा भारतापुरतेच ठेवले.

मग टॅक्सचा विषय निघाला. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मिळकतीवर लागणारा कर, १९८५ मध्येच गेली, आणि तिकडे कोट्यवधी डॉलरपर्यंत काही लागत नाही असं काकांना मित्रांनी सांगितलेलं. पण ते मित्र अमेरिकन सिटिझन! काकांसारखा सिटिझन नसलेला, कायमचा भारतात परतलेला माणूस गेला तर त्याच्या तिथल्या मिळकतीला सूट फक्त ६०,००० डॉलरची, वरच्या रकमेवर टॅक्स ४० टक्क्यांपर्यंत जातो, आणि रिटर्न मृत्यूपासून नऊ महिन्यांत भरायचं. एडिसनमधलं घर म्हणजे ६०,००० च्या कितीतरी वर. काका लगेच म्हणाले, मग आत्ताच मुलीला गिफ्ट करतो. तेही सोपं नाही, तिथल्या घरावर गिफ्ट टॅक्स परदेशात राहणाऱ्यालाही लागतो आणि ती कोट्यवधींची सूट तिथेही मिळत नाही. नुसतं मृत्युपत्र नीट करून हा प्रश्न सुटत नाही, आणि याबद्दल इतक्या कमी लोकांना माहीत असतं की मला खरंच काळजी वाटते.

त्या दिवशीची नोंदणी रद्द केली. मुलाला ऑफिसातूनच फोन लावला तर तो म्हणाला, घर ताईचंच आहे, तसंच लिहा. रात्री अमेरिकेत सकाळ झाल्यावर काका मुलीशी बोलले, आता तिच्या ओळखीच्या टॅक्सवाल्या अॅटर्नीबरोबर आमचा व्हिडिओ कॉल आहे, घर ठेवायचं की काका असतानाच विकायचं ते त्यानंतर ठरेल.