माझे एलियन नुसते फतवे काढतायत

गेले दोन महिने एक सायफाय कथा लिहितोय, जिंकलेले एलियन माणसांना हळूहळू बदलून टाकतात अशी, आणि काल रात्री सगळं सलग वाचलं तर लक्षात आलं की माझं साम्राज्य नुसती फर्मानं काढत सुटलंय. ही भाषा बंद, तो सण बंद, पोरांच्या मेंदूत चिप. जॉन ख्रिस्तोफरच्या ट्रायपॉडवाल्या कादंबऱ्यांत साधारण चौदाव्या वर्षी पोरांच्या डोक्यावर धातूची टोपी बसवतात, की झालं, जन्मभर आज्ञाधारक. वाचायला भारी वाटतं, पण मी गोव्यात, फोंड्यात राहतो हो, मला तरी कळायला हवं होतं!

आमच्याकडे फर्मानं काय कमी निघाली? १६८४ ला पोर्तुगीज व्हाइसरॉयचा हुकूम, तीन वर्षांत कोंकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला. १७३६ चा इन्क्विझिशनचा (चर्चच्या धर्मन्यायालयाचा) फतवा तर घरात तुळस नको, भात बिनमिठाचा शिजवायचा नाही, इथपर्यंत. (सरकार भाताच्या टोपात डोकावतंय, हे मला कुठल्या एलियनच्या गोष्टीत अजून सापडलेलं नाही.) फर्मानांनी काहीच झालं नाही असं नाही हं, देवळं पडली, मंगेश देव कुठ्ठाळीहून नदी ओलांडून प्रियोळला आला, माणसं घरदार सोडून गेली. पण कोंकणी आहे आणि तुळस आमच्या दारात आहे.

आता पावाचं बघा. विहिरीत पाव टाकून अख्खा गाव बाटवला ही गोष्ट आजी आम्हाला रंगवून सांगायची, आणि सांगताना तिच्या हातात चहात बुडवलेली पोई, म्हणजे आमचा गोव्याचा पावच, असायची! तिला त्यात काही विचित्र वाटायचं नाही, मलाही वाटलं नाही, थेट कालपर्यंत. काजू ब्राझीलचा, मिरची अमेरिकेची, पगार आणि चावी हे शब्द पोर्तुगीज, यातलं काही खा किंवा बोला म्हणून कोणी दंडुका घेऊन उभं नव्हतं.

तर चिपचा सीन उडवला. आता माझे एलियन फक्त एक खायची वस्तू आणतात, पहिली पिढी ती शिवत नाही, आणि चौथ्या पिढीतला बंडखोर, एलियनांचं ठाणं उडवून आलेला, घरी येऊन तीच मागतो आणि आजीच्या हातची नाही म्हणून कुरकुरतो.

ती वस्तू विकणाऱ्याचा आवाज कसा असेल यावर सकाळपासून अडलोय. आईला विचारलं तर म्हणाली, बाहेर पोदेर (पाववाला) कधीचा पों पों करतोय, आधी पोयो घेऊन ये.