आठशेला टेप बसवताना

डिसेंबरातल्या रविवारी भर दुपारी आम्ही सांगलीच्या विश्रामबागेकडं निघालो होतो. सिग्नलला शेजारच्या दुचाकीवाल्यानं काचेवर टकटक केलं, "लाइट चालू राहिलाय ओ." मी मान डोलावली आणि तसाच पुढं गेलो. लाइट बंद केला असता तर टेप बंद पडला असता. आमच्या गाडीत पार्किंग लाइट लावल्याशिवाय गाणं वाजत नव्हतं. अप्पा शेजारी गप्प बसले होते, कारण "पिवळी पिवळीला जोड की, त्यात काय एवढा विचार करायचा" हा सल्ला त्यांचाच.

टेप म्हणतोय खरा, पण त्यात कॅसेट जात नाही आणि सीडीही नाही. आमच्याकडं गाडीत वाजणाऱ्या कशालाही टेपच म्हणतात.

गाडी २००१ ची मारुती ८००. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, तेव्हा आमच्या शामरावनगराचं काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. माणसं, गॅसची टाकी, आईचे धान्याचे डबे वर चढवले आणि गाडी खालीच राहिली. पाणी सीटच्या गादीपर्यंत. नंतर मेकॅनिकनं ती चालू करून दिली, सीटा आठवडाभर गच्चीवर वाळल्या, कुबट वास दिवाळीपर्यंत टिकला. जुना कॅसेटवाला टेप मात्र पुन्हा बोलला नाही. पाणी त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं, तरी गेला. काढून टाकला.

दिवाळीला ताई आणि दाजी अमेरिकेहून आले, त्यांनी अप्पांसाठी नवा टेप आणला. ब्लूटूथ, यूएसबी, सगळं. अप्पांना त्यातलं काहीच नको होतं. त्यांना सकाळी शेतावर जाताना आकाशवाणी सांगली हवं होतं.

बसवायला मी स्वतःच घेतला, कारण जुना बसवणाऱ्यानं काय उद्योग केले असतील याची मला कल्पना नव्हती. डॅशबोर्डाची खिडकी मापाची होती. १८० बाय ५० मिलिमीटर हे माप सगळ्या जगात एकच, त्यामुळं पत्र्याचा पिंजरा आत सरकला, त्याची पाती वाकवून घट्ट केली. तेवढंच सोपं निघालं. मागं हात घातला तर कंपनीचा कपलर, म्हणजे तारांचा प्लग, कुणीतरी कापून टाकलेला, आणि बारा-तेरा तारांचा एक झुबका चिकटपट्टीत गुंडाळलेला. त्या पट्टीचा गोंद उन्हानं वितळून काकवीसारखा झाला होता. बोटांचा काळा डाग तीन दिवस गेला नाही.

नव्या टेपच्या तारांचे रंग ठरलेले असतात: पिवळी कायम बॅटरीला, लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या करंटला, काळी बॉडीला. स्पीकरच्या पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येकीच्या जोडीला त्याच रंगाची काळा पट्टा असलेली वजा. पण हे रंग टेपचे. गाडीतल्या तारांनी ते पाळावेत असा काही कायदा नाही. आमच्या झुबक्यातली पिवळी निघाली मीटरच्या दिव्याची, म्हणजे पार्किंग लाइट लावल्यावर जिवंत होणारी. म्हणून ते दुपारचे लाइट. तार बारीक, टेपचा भार तिच्या ताकदीबाहेरचा. परतीच्या वाटेवर मागच्या दिव्यांचा फ्यूज उडाला आणि गाणंही थांबलं. अप्पा म्हणाले, "आता तरी बघून जोड."

मग बॅटरीची काळी तार काढली, झुबका पूर्ण सोडवला, प्रत्येक तारेचं टोक सोलून वेगळं केलं आणि कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या. काळी पुन्हा जोडून व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घेऊन बसलो. किल्ली बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवणारी एक, पहिल्या खटक्यावर जिवंत होणारी एक, दिव्याबरोबर येणारी ती पिवळी. कायमच्या तारेवर माझा विश्वास बसला नाही, तिला दोन ठिकाणी जोड होते. बॅटरीपासून दीड स्क्वेअर मिलिमीटरची नवी तार टाकली, बॅटरीजवळच वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज टेपजवळ लावला तर मधली सगळी तार उघडी पडते. पत्र्याला घासून ती कापली गेली तर जळणार गाडी, फ्यूज शाबूत.

आतापर्यंत एका सुट्या स्पीकरवर भागवलं होतं. मागचे दोन जोडायच्या आधी सहज म्हणून मीटर बीपवर लावला. एक टोक स्पीकरच्या वजा तारेला, दुसरं बॉडीच्या स्क्रूला. बीप वाजला, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडलेले. दुसऱ्या स्पीकरलाही वाजला. जुन्या माणसानं तार वाचवायला मागच्या ट्रेवरच्या दोन्ही स्पीकरांची वजा तार एकत्र पिळून बॉडीला लावली होती. जुन्या टेपला ते चालायचं. नव्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा टेपच चालवतो, गाणं नसतानाही दोन्हींवर बॅटरीच्या निम्मा व्होल्टेज असतो. त्यातली एक बॉडीला टेकली की टेप स्वतःला बंद करून घेतो, नशीब खराब असेल तर आतली आयसीच जाते. त्या बीपनं दाजींची भेट वाचवली. पायपट्टी काढून मागंपर्यंत दोन नव्या जोडतारा ओढल्या. पायपट्टीच्या खाली अजून पुराचा गाळ होता, वाळून पापडासारखा झालेला. नखानं सोलून निघत होता.

अधिक-वजा ओळखायला घड्याळातला पेन्सिल सेल पुरतो. स्पीकरच्या दोन तारा सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या. 'थप' आवाज येतो आणि कागदाचा कोन हलतो. बाहेर आला तर सेलच्या अधिक बाजूची तार अधिक. आमचा डावा बाहेर आला, उजवा आत गेला, म्हणजे उजव्यावरच्या खुणा उलट्या होत्या. तसाच जोडला असता तर दोघंही वाजले असते, पण एक ढकलणार तेव्हा दुसरा ओढणार, आणि ढोलकीचा ठोका गाडीतून गायब. पुतण्याला हा प्रकार इतका आवडला की त्यानं सेल टेकवून टेकवून संपवला. भिंतीवरचं घड्याळ दोन दिवस साडेदहाला थांबलं होतं.

सगळे जोड सोल्डर केले, वरून स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली. चिकटपट्टीला हातही लावला नाही.

किल्ली फिरवली. लागला. लाइट न लावता लागला. आई बाहेर येऊन ऐकून गेली. आवाज पंधरावर छान, वीसवर नेला की टेप मरायचा आणि पुन्हा जिवंत व्हायचा. इंजिन चालू केलं की मागून एक बारीक शीळ यायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तीही वर चढायची. मीटर लावला तर पिवळीवर १२.६, काळी नीट, सगळं ठीक. दोन संध्याकाळी मी तोच व्होल्टेज परत परत मोजत बसलो.

शेवटी मिरजेच्या वायरिंगवाल्या मामांकडं गेलो. उसाच्या हंगामात त्यांच्याकडं उभं राहायला जागा नसते. कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर आधी साउंड लावून घेतात आणि मग टायर बघतात. मामांनी टेपकडं बघितलंही नाही. इंजिन चालू करायला लावलं, शीळ ऐकली आणि म्हणाले, "हे टेप गात न्हाई भाचे, अल्टरनेटर गातोय." सतारमेकरांच्या गावातला माणूस, सूर कुठून येतो ते त्याला कळायचंच.

मी मीटर पुढं केला. मामांनी तो बाजूला ठेवला आणि भिंतीवरून ब्रेक लाइटचा बल्ब काढला. होल्डरला दोन तारा, टोकाला चिमटे. एक चिमटा थेट बॅटरीच्या अधिकाला, दुसरा टेपच्या काळ्या तारेला. बल्ब पेटला, पण मंद, पिवळसर. दुसरा चिमटा बॅटरीच्या वजाला लावला तर पांढरा लख्ख.

मीटर करंट ओढतच नाही जवळजवळ. गंजलेल्या जोडातून केसभर वाट शिल्लक असली तरी तो पूर्ण १२.६ दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, तिथं जोडाचं खरं रूप बाहेर येतं. आता मीच मीटर घेतला, टेप मोठ्यानं लावला, आणि काळी तार ते बॅटरीचा वजा असं मोजलं. तिथं शून्याच्या जवळ यायला हवं होतं. ०.९ आलं, आणि ठेक्याबरोबर नाचत होतं. (मामांच्या बल्बानं नव्या गाडीत कुठंही टोचू नये. एअरबॅगच्या तारांवर तो भार पडला तर फार महागात जाईल. आठशेत एअरबॅग नव्हतीच.)

काळ्या तारेच्या मागं मागं गेलो. क्लीनर बसतो त्या बाजूला पायापाशी, मॅटखाली एक बोल्ट, त्यावर पितळी लग, म्हणजे तारेच्या टोकाची कडी. पाणी जिथं आठवडाभर साठून होतं नेमकं तिथं. लग हिरवा, बोल्ट तपकिरी, मध्ये गाळाचा थर. मामांनी पाना लावला तर बोल्टाचं डोकं हातात आलं. मग शेजारी नवं भोक पाडलं, रंग घासून पत्रा चकचकीत केला, नवा लग, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं, ०.०४. आवाज तीसवर नेला, टेप हलला नाही. शीळ गेली.

मामांनी दीडशे रुपये घेतले, त्यात चहा त्यांचाच. निघताना विचारलं, "जुना टेप बी ह्याच काळ्या तारेवर हुता न्हवं?"

होता. पुरानंतर त्याला अर्थिंगच मिळत नव्हतं. टेप गेला असं ठरवणारा मीच.

आता उरलं अप्पांचं स्टेशन. आकाशवाणी सांगली मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला लागायचं. टेपवर १२५० यायचं, पुढं एकदम १२६०. १२५० ला कुणीतरी बोलतंय कळायचं, पण आवाज घोगरा, आणि सर्चला लावला तर तिथं थांबायचाच नाही. एफएमवरही तेच, ९१.१ नंतर ९१.३, मधलं काही नाही. टेप अमेरिकेचा. तिकडं मध्यम लहरींची स्टेशनं दहा-दहाच्या अंतरानं असतात, आपल्याकडं नऊच्या. १२५१ हा नवाच्या पाढ्यातला आकडा, नऊ गुणिले एकशे एकोणचाळीस. मेन्यूत खोल आत 'एरिया' नावाचं एक कलम सापडलं, तिथं यूएस होतं, ते ईयू केलं. १२५१ आलं. एरियलच्या बुडाशी रंग घासून तिथलंही अर्थिंग साफ केलं तेव्हा खरखर बरीच कमी झाली. इंजिनाची थोडी टिकटिक मागं राहिली, ती राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना शेतावर सोडायला निघालो. बातम्या लागल्या, एकही शब्द तुटला नाही. अंकलीच्या पुलापर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगलं ऐकू येतंय. पण एवढं मेन्यूत कोण शिरणार? जुन्या टेपला कसं, काटा फिरवला की लागायचं."

मी गिअर बदलला. जुन्या टेपचे भंगारवाल्यानं चाळीस रुपये दिले होते.