एसीत गॅस टॉपअप करणं बंद केलं, तिथून पुढचा अनुभव

आमच्या इमारतीत खोल्यांमध्ये स्प्लिट एसी, गच्चीवर व्हीआरएफ (एका बाहेरच्या युनिटवर अनेक खोल्या थंड करणारी यंत्रणा) आणि कॅन्टीनला एक कोल्ड रूम. या मशिनांतल्या थंड करणाऱ्या गॅसची गळती कमी करायची म्हटल्यावर पहिला सल्ला मिळतो तो नवी मशिनं घ्यायचा. आम्ही आधी स्टोअरची वही उघडली. वर्षभरात किती किलो गॅस विकत आणला आणि सगळ्या मशिनांत मिळून पाटीवर किती किलो लिहिलाय, या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे ढोबळ गळतीचा दर. मशीन सुस्थितीत असेल तर गॅस संपत नाही. तो ‘दरवर्षी थोडा भरावाच लागतो’ ही समजूत चुकीची आहे.

गॅसगणिक फरक मोठा. 1 किलो आर-410ए हवेत गेला की 2088 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडते; आर-404एचा आकडा 3922, आर-32चा 675. म्हणून गळती शोधायला सुरुवात कोल्ड रूमपासून केली, कारण तिथे आर-404ए होता. जुन्या स्प्लिटमधला आर-22 (1810) शिवाय ओझोनलाही मारक. सेबीच्या बीआरएसआर अहवालात (कंपन्यांचा पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल) एचएफसीचा, म्हणजे आर-410ए, आर-404ए, आर-32 ज्या गटात येतात त्याचा, रकाना आहे, पण आर-22 एचसीएफसी या वेगळ्या गटातला असल्यामुळे त्यात बसत नाही. त्याची नोंद वेगळी ठेवावी, नाहीतर खरी गळती कागदावर दिसतच नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारातल्या एका अटीने: गळती सापडून दुरुस्त झाल्याशिवाय गॅस भरायचा नाही, आणि प्रत्येक वेळी सिलिंडर काट्यावर ठेवून आधीचं-नंतरचं वजन मशीन नंबरसह लिहायचं. गॅसचे पैसे किलोवर मिळत असतील तर सर्व्हिसवाल्याला गळती शोधण्यात काय रस असणार? शोधकामाचे पैसे वेगळे दिले, तेव्हा ते काम होऊ लागलं.

गळती बहुतेक वेळा ठरलेल्या जागी सापडते. फ्लेअर नट (पाइपचं पसरवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणारा नट), सर्व्हिस व्हॉल्व्हची गायब झालेली टोपी, गॅस भरायच्या पिन व्हॉल्व्हचा झिजलेला गाभा, कंपनाने एकमेकांवर घासणारे तांब्याचे पाइप. तेलाचा डाग दिसला की आधी तिथे साबणाचं पाणी लावून पाहावं. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत आउटडोअर कॉइलही गंजून खाल्लं जातं, ते वेगळं तपासावं. नट कमी घट्ट असला तर गळतो, जास्त आवळला तर फ्लेअर चिरतो. पाव इंची पाइपला साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर, आणि तेही टॉर्क पान्याने (किती जोर लावला ते दाखवणाऱ्या) मोजूनच.

दुरुस्तीनंतर लाइन गळत नाही ना हे पाहण्याची दाबचाचणी कोरड्या नायट्रोजननेच करायची, ऑक्सिजनने कधीही नाही. तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. दाब पाटीवरच्या कमाल मर्यादेच्या आत ठेवायचा. इथे एक फसगत होते: दुपारी 35 अंशांना 500 पीएसआयवर (दाबाचं एकक) ठेवलेली लाइन पहाटे 25 अंशांना सुमारे 17 पीएसआय कमी दाखवते. ती गळती नव्हे, नायट्रोजन थंड झाला एवढंच. त्यामुळे दाबासोबत तापमानही लिहावं. मग पंपाने 500 मायक्रॉनपर्यंत (अगदी कमी दाब मोजायचं एकक) व्हॅक्यूम काढून पंप बंद करायचा. आकडा चढून थांबला तर आत ओलावा आहे, चढतच राहिला तर गळती. निव्वळ गेजची सुई पाहून हा फरक कळत नाही, मायक्रॉन मीटर लागतोच.

भरताना वजनानेच भरायचं. ‘पाइप गार लागतोय’ हा अंदाज निरुपयोगी. आर-410ए सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यायचा. आर-22च्या मशिनात तो भरू नये. दाब सुमारे दीडपट आणि तेलही वेगळं.

मशीन भंगारात देतानाची गळती मात्र सगळेच विसरतात. पाइप कापून गॅस सोडून देणं हीच सवय असते. आम्ही निविदेत रिकव्हरी मशीन (जुना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणारं) सक्तीचं केलं. रिकव्हरी सिलिंडर 80 टक्क्यांहून जास्त भरू नये, आणि आर-22, आर-410ए एकाच सिलिंडरमध्ये घालू नयेत. मिसळलेला गॅस साधारणपणे शुद्ध करून परत वापरता येत नाही, नष्टच करावा लागतो.

नवी खरेदी शेवटी. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारतात एचएफसीचा वापर 2028 साली गोठवला जाईल आणि 2032पासून कपात सुरू होईल. आज आर-404एची कोल्ड रूम घेतली तर तिच्या आयुष्यातच तिचा गॅस दुर्मीळ होऊ शकतो. लहान खोल्यांसाठी आम्ही आर-32 निवडला. आर-290 (प्रोपेन) हवामानाला जवळपास निरुपद्रवी, पण चटकन पेट घेतो. त्याचं प्रशिक्षण घेतलेला मेकॅनिक कंत्राटदाराकडे आहे का, हे विचारूनच ऑर्डर द्यावी.