काळ्या रिमखालचे ॲल्युमिनियम

माहीमला आमच्या गॅलरीत समुद्राचा वारा थेट येतो. तिथेच उभ्या असलेल्या बाबांच्या सायकलच्या काळ्या रिम उन्हाने जांभळट पडल्या होत्या. मूळच्या रिम आरशासारख्या पॉलिश केलेल्या होत्या. या काळ्या नंतर बसवलेल्या. बाबांना तीच जुनी झळाळी हवी होती.

आधी रंगच समजून पेंट रिमूव्हर लावला. काहीच सुटले नाही. मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने तासभर घासले, तेव्हा कुठे बोटभर जागा उजळली. हा काळा रंग ॲनोडायझिंगचा होता, आणि ॲनोडायझिंग हा वरून दिलेला रंग नसतोच. गंधकाम्लाच्या द्रावणात ठेवलेल्या ॲल्युमिनियममधून वीजप्रवाह सोडला की धातूचा पृष्ठभागच ॲल्युमिनियम ऑक्साइड होतो, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या द्रव्याचे असतात तेच. रंग या थराच्या सूक्ष्म छिद्रांत मुरवून मग ती छिद्रे बंद करतात. थर काही मायक्रॉनचाच, पण खालच्या मऊ धातूपेक्षा कितीतरी कठीण. तो वीजही वाहू देत नाही: वीज वाहिली की वाजणाऱ्या मल्टिमीटरची टोके रिमच्या काळ्या भागावर टेकवली तर आवाज येत नव्हता, आणि ब्रेकच्या रबराने झिजलेल्या पट्ट्यावर मात्र लगेच येत होता.

असा थर कॉस्टिक सोड्याने विरघळतो. मी चाके पूर्ण उघडली, कारण स्पोकवर जस्ताचा मुलामा असेल तर कॉस्टिक तोही खातो. गच्चीवर, उघड्या हवेत, रबरी हातमोजे आणि गॉगल घालून प्लॅस्टिकच्या टबात लिटरमागे साधारण 50 ग्रॅम कॉस्टिक विरघळवले. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकावे, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नये. ते उसळून अंगावर येते. रिमचा एक भाग बुडवला की सुरुवातीला काहीच होत नाही. मग रंग फिका पडतो, एखाद्या ठिकाणी बारीक बुडबुडे उठतात आणि बघता बघता सगळीकडे पसरतात. ते बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून जवळपास ठिणगीसुद्धा नको. ते सर्वत्र सारखे उठू लागले याचा अर्थ थर संपला आणि कॉस्टिक आता धातू खाऊ लागले. त्याच क्षणी रिम बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवायची. पहिल्या रिमला मी मिनिटभर उशीर केला आणि तिच्यावर खरखरीत डाग राहिले, ते उतरवायला अख्खी दुपार गेली.

धुतल्यावर जी काळपट राख दिसते ती मिश्रधातूतल्या न विरघळलेल्या घटकांची असते. माझ्या रिमवरची कापडाने पुसली गेली. पुढे 600 पासून 2000 नंबरपर्यंत ओला पेपर, प्रत्येक वेळी आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही, आणि शेवटी नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला सुती बफ (पॉलिशचे चाक) व लस्टर (त्यावर लावायचा पॉलिशचा मसाला). गल्लीतल्या सायकलवाल्याने स्पोक भरून चाकांची आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, काढून दिली.

संरक्षक थर गेल्यामुळे खाऱ्या हवेत ही चमक आठवड्यांतच मंदावू लागते. त्यामुळे पावसाळ्यात दर पंधरवड्याला बाबा रिमवर मेणाचा हात फिरवतात, ब्रेकचे रबर टेकते तो पट्टा मात्र कोरडा ठेवून.