ए३२०, दोन्ही जनरेटर बाद: सराव कुठवर आला

मंडळी, सिममधल्या (उड्डाणाच्या सिम्युलेटरमधल्या) एअरबस ए३२०वर दोन्ही जनरेटर एकदम घालवून विमान खाली आणायचा सराव आता बऱ्यापैकी हातात बसलाय. इंजिनं ठणठणीत, एपीयू (शेपटीतलं छोटं जादा इंजिन, त्यालाही जनरेटर असतो) बंद आणि वीज गुल, असा प्रसंग लावतो. ईकॅमवर, म्हणजे बिघाड दाखवणाऱ्या पडद्यावर, लाल अक्षरांत ‘लँड एएसएपी’ (लवकरात लवकर उतरा) येतं आणि उजव्या सीटसमोरचे पडदे काळे होतात. म्हणजे उडवायचं डावीकडूनच, तेही हाताने, कारण ऑटोपायलट आणि ऑटोथ्रस्ट (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) दोन्ही गेलेले असतात.

वेग १०० नॉट्सच्या वर असेल तर रॅट, म्हणजे वाऱ्यावर फिरणारा आणीबाणीचा पंखा, आपोआप बाहेर पडतो. हा पंखा थेट वीज करत नाही. तो निळ्या हायड्रॉलिक यंत्रणेला दाब देतो, त्या दाबावर इमर्जन्सी जनरेटर फिरतो, आणि तो जुळेपर्यंतची आठेक सेकंदं सगळा भार बॅटऱ्यांवर असतो. या जनरेटरची ताकद ५ केव्हीए. इंजिनावरचा एकेक जनरेटर ९० केव्हीएचा असतो, म्हणजे हाती उरतो अठरावा हिस्सा. एवढ्यावर काय काय चालणार नाही, याची यादी पाठ असली की पुढचं बरंच सोपं जातं. शिवाय वेग १४० नॉट्सच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर तेही हातचं जातं.

मग चेकलिस्ट. दोन्ही जनरेटर बंद करून पुन्हा चालू करायचे. नाही आले तर आधी बस टाय (दोन्ही बाजूंच्या बस, म्हणजे वीजवाहिन्या, जोडणारा दुवा) बंद आणि मग तेच परत. ही पायरी मला फार आवडते: बस टाय तोडला की दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटतात, आणि बिघाड एकीकडेच असेल तर दुसरीकडचा जनरेटर उभा राहू शकतो. एपीयूचा मोह इथेच होतो, पण जनरेटर गेल्यापासून ४५ सेकंद थांबायचं आणि बॅटरीवर सुरू करायचा तर २५,००० फुटांच्या खाली यायचं. इंधनाचे पंपही बंद असल्याने इंजिनं गुरुत्वाकर्षणावर इंधन ओढत असतात, तेव्हा उंचीवर रेंगाळण्यात तसाही अर्थ नाही.

उतरताना खरी परीक्षा. चाकं खाली आली की अल्टरनेट लॉ (संगणकाची थोडीफार मदत) जाऊन डायरेक्ट लॉ (काठी हलवाल तेवढंच विमान हलणार) येतो आणि नाकाचा तोल साधणारं ट्रिमचं चाक हाताने फिरवावं लागतं. म्हणून मी चाकं थोडी लवकर सोडतो. धावपट्टी तोंडावर आली असताना नवं विमान शिकायला कोण बसणार? जुन्या ए३२०मध्ये तर चाकं सोडताच इमर्जन्सी जनरेटरही थांबतो आणि पुन्हा बॅटऱ्यांवरच भिस्त. चाकं घसरू न देणारं अँटीस्किड नसतं, ब्रेकचा दाब १००० पीएसआयच्या आत पायानेच सांभाळायचा. लांब धावपट्टीच निवडा.

हे सगळं बसल्यावर माझं मत मात्र बदललं. पूर्ण अंधारापेक्षा अर्धा अंधार जास्त अवघड. एसी बस १ (डावीकडची मुख्य वीजवाहिनी) गेली की तिच्यावर जगणारी एसी इसेन्शल बसही (अत्यावश्यक उपकरणांची वाहिनी) जाते आणि डावीकडचे पडदे विझतात. उजवीकडे मात्र सगळं शाबूत. उपाय म्हणजे डोक्यावरच्या पॅनेलवरचं ‘एसी इसेन्शल फीड’ बटण, जे या वाहिनीला एसी बस २ वरून वीज देतं. सप्टेंबर २००६मध्ये अलिकांतेहून ब्रिस्टलला निघालेल्या ए३१९वर (ए३२०चं धाकटं भावंड) फ्रान्समधल्या नांतजवळ हेच घडलं. एक जनरेटर आधीच बाद असल्याने त्या जागी एपीयूचा लावला होता, तोही गेला. बटण दाबूनही वीज परतली नाही, रेडिओसुद्धा बंद. तरी विमान ब्रिस्टलला सुखरूप उतरलं. नंतर एअरबसने हा बदल आपोआप व्हावा अशी सोय आणली. सिममध्ये ती सोय बंद ठेवून उडवून बघा, हात कुठे जातो ते लगेच कळतं.

आता बोइंग ७४७-४०० घेतोय. तिला रॅटच नाही. ७ जानेवारी २००८ रोजी बँकॉकला उतरू पाहणाऱ्या क्वांटासच्या ७४७मध्ये गॅलीतलं (विमानातल्या स्वयंपाकघरातलं) पाणी तडकलेल्या संरक्षक आवरणातून जनरेटर नियंत्रण युनिट्सवर पडलं आणि चारपैकी तीन एसी बस गेल्या. तोच प्रसंग लावायचा बेत आहे, एसी बस ४ तेवढी जिवंत ठेवून. कोणत्या बसवर काय चालतं याचा तक्ता निम्मा झालाय. उरलेला झाला की पहिलं उड्डाण.